टॅपरूमसाठी केगचा फ्रिज घेताय? आधी टेप लावून अंतर मोजा

टॅपरूममध्ये, म्हणजे नळातून बिअर देणाऱ्या बारमध्ये, पहिल्या ग्लासात नुसता फेस येतो, तेव्हा दोष बहुतेकदा बिअरचा नसतो. केग (बिअरचं पिंप) आणि नळ यांच्यामध्ये गरम झालेल्या नळीचा असतो. म्हणून कोटेशन मागवण्याआधी केग ते नळ हे अंतर मोजा.

१. केग काउंटरखालीच, नळ दोन-चार: केगरेटर (केग ठेवायचा, वर नळ असलेला फ्रिज) पुरे. टॉवरमध्ये, म्हणजे नळ बसवलेल्या खांबात, थंड हवा सोडणारा पंखा मात्र हवाच.

२. काउंटरमागच्या भिंतीपलीकडे जागा असेल तर छोटी कोल्ड रूम करा आणि नळ थेट तिच्या भिंतीत बसवा. नळी आखूड राहते, ती धुताना बिअर कमी वाया जाते. जमत असेल तर हेच करा, असं माझं ठाम मत आहे.

३. अंतर सात-आठ मीटरच्या पुढे: ग्लायकोल चिलर, म्हणजे बिअरच्या नळीलगत थंड द्रव फिरवणारं यंत्र. खर्च वाढतो, पण पुण्याच्या एप्रिलमध्ये एवढ्या अंतरावर नुसत्या थंड हवेने भागत नाही.

तापमान ३ ते ४ अंश सेल्सिअस ठेवा. जागा ठरवताना राखीव केगही धरा. गरम केग आतपर्यंत थंड व्हायला साधारण एक दिवस लागतो.

बिअर नळापर्यंत ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर कोल्ड रूमबाहेर, हवेशीर जागी ठेवा आणि तरीही आत गळतीचा अलार्म बसवाच. बंद खोलीत हा वायू जीव घेतो.