हेडलाइट घासून घेतल्यावर वरचं कोटिंग किती टिकतं?

गाडी ताब्यात घेताना गिऱ्हाईक हमखास विचारतं, "दादा, आता किती दिवस बघायला नको?" नाशकात अंबड लिंक रोडला माझं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे, त्यामुळे उत्तर तोंडपाठ झालंय. वर काय लावलं आणि गाडी कुठे उभी राहते, त्यावर सगळं. आजच्या चकाकीवर जाऊ नका. नुसता बफ मारलेली काचसुद्धा पहिल्या दिवशी नवीकोरी दिसते.

आपण काच म्हणतो खरं, पण ते पॉलिकार्बोनेट असतं. कंपनीतून त्यावर ऊन अडवणारा पातळ, कडक थर येतो. तो खराब झाला की काच पिवळी पडते, आणि घासताना आपण तोच काढून टाकतो. खाली उघडं प्लास्टिक. तसंच सोडलं तर नाशकातला एक उन्हाळा पुरे आहे. घरी टूथपेस्टने काच घासणाऱ्यांचंही हेच होतं.

वॅक्स लावलं तर महिना-दोन महिने. किटमधलं पुसून लावायचं कोटिंग वर्ष, फार तर दोन. सिरॅमिक कोटिंगवरून पाणी झकास घसरतं, पण प्रत्येक सिरॅमिक ऊन अडवतंच असं नाही. यूव्हीचं, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवण्याचं, काही लिहिलंय का ते घेण्याआधी वाचा. पीपीएफ, म्हणजे वर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म, चांगल्या दर्जाची असेल तर पाच वर्षांच्या आसपास जाते आणि उडालेली खडीही झेलते. मी स्वतः यूव्ही रोखणारा टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून स्प्रेने मारायचा पारदर्शक थर, मारतो. काम नीट झालं तर तीन-चार वर्षं बघावं लागत नाही.

"नीट" म्हणजे काय, ते सांगतो. कडेने बॉडीला मास्किंग टेप दुहेरी लावा. जास्त पिवळी असेल तर ४०० च्या वॉटर पेपरने (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, आकडा मोठा तितका बारीक) सुरुवात, मग ६००, मग ८००, शेवटी १०००. पाणी सतत हवं. सुरुवातीला पिवळट गाळ ओघळतो. तो दुधासारखा पांढरा यायला लागला की जुना थर संपत आला समजा. आता काच कोरडी करून बॅटरी तिरपी धरा. नकाशासारख्या कडा दिसल्या तर जुन्या थराचे तुकडे अजून शिल्लक आहेत. नवा क्लिअर पुढे सुटतो तो बहुतेक वेळा याच कडांपासून, त्यामुळे इथे आळस करू नका.

क्लिअर मारायचा असेल तर काच आरशासारखी करू नका, त्याला धरायला खरखर लागते. किटवालं कोटिंग असेल तर मात्र २०००, ३००० पर्यंत जायचं. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. थिनर किंवा पेट्रोल लावलं की प्लास्टिकला आतून केसासारख्या चिरा जातात, त्या कशानेही निघत नाहीत. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच. दोन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. श्रावणातल्या दमट हवेत हे काम मी टाळतो, थर पांढुरका पडतो. आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसाला वाईट. रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क बांधून भागत नाही, रंगाची वाफ अडवणारा फिल्टरचा मास्क हवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर नकोच. आठवडाभर फोम वॉश बंद.

पुढे आयुष्य ठरवतं ते पार्किंग. गाडीचं तोंड रोज दक्षिणेला आणि वर सावली नाही, तर वरचे आकडे कमीच धरा. एकच दिवा लवकर पिवळा झाला असेल तर बहुधा तोच उन्हाकडे असतो.

तपासताना काचेची वरची कड बघा, ऊन तिथेच जास्त बसतं. ती मंद व्हायला लागली असेल आणि कोटिंग किटवालं असेल, तर ३००० चा पेपर हलका फिरवून पुन्हा लावता येतं. क्लिअरचे पापुद्रे निघाले असतील तर मात्र सगळं उतरवून पहिल्यापासून. आतून वाफ धरत असेल तर बाहेरून काहीही लावू नका, आधी सील आणि मागची रबरी टोपी बघून घ्या.