जुन्या डीटीएच छत्रीवर डीडी फ्री डिश कसं लावायचं

रिचार्ज बंद केला म्हणून गच्चीवरची छत्री भंगारात देऊ नका. ती नुसती पत्र्याची वाटी आहे, कुठल्या कंपनीचं नाव छापलंय याच्याशी सिग्नलला काही देणंघेणं नसतं. प्रसार भारतीची डीडी फ्री डिश डिसेंबर 2004 पासून चालू आहे (तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं), सह्याद्रीसकट बरेच चॅनेल येतात आणि महिन्याचे पैसे शून्य. कंपनीचा जुना बॉक्स मात्र यात चालत नाही, त्यामुळे साधा फ्री टू एअर बॉक्स आणा, किंवा टीव्हीतच सॅटेलाइट ट्यूनर आहे का ते आधी बघा, काही नव्या टीव्हींत असतो.

छत्रीला पोचा पडलाय का बघा. वरवरचा गंज चालतो, पण वाकलेली छत्री हातोडीने ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका. एलएनबीचं (छत्रीच्या दांड्याच्या टोकाला बसवलेला, सिग्नल पकडणारा डबा) पुढचं प्लास्टिक तडकलं असेल तर आत पाणी गेलंय असंच धरा आणि नवीन युनिव्हर्सल एलएनबी घ्या. केबल शक्यतो नवी टाका. स्टँड कठड्याला ठोका किंवा सिमेंटच्या ठोकळ्यावर बसवा, स्लॅबला भोकं पाडू नका, पावसाळ्यात खालच्या खोलीत गळायला लागलं की फ्री डिश फार महाग पडते. खांबाला ओळंबा लावून बघा, खांब तिरका असेल तर पुढची सगळी मापं चुकतात.

आता खरं काम. फ्री डिश येते जीसॅट-15 या उपग्रहावरून, तो आहे 93.5 अंश पूर्व रेखांशावर. पुण्या-मुंबईतून तो आग्नेयेला दिसतो, कंपासवर 131-132 अंशांच्या आसपास, आणि उंची (क्षितिजापासून वरचा कोन) पुण्यात 59 अंश. नागपूरला कंपास 145 च्या जवळ आणि उंची 60. फोनचा कंपास छत्रीला चिकटून धरू नका, लोखंडामुळे आकडा भलतंच काही दाखवतो, चार पावलं मागे जाऊन बघा. आणि 59 अंश वाचून छत्रीचं तोंड आभाळाकडे करू नका! डीटीएचच्या छत्र्या ऑफसेट असतात, सिग्नल जिथून येतो त्याच्यापेक्षा वीस-पंचवीस अंश खाली बघताना दिसतात. ब्रॅकेटवर अंशांचे आकडे असतील तर त्यावर 59 लावा, विषय संपला.

आधी छत्री कुठल्या कंपनीची होती हे माहीत असेल तर निम्मं काम वाचतं. टाटाची छत्री 83 अंशांवरच्या उपग्रहाकडे रोखलेली असते, म्हणजे पुण्यात ती पूर्वेकडे साधारण 20 अंश फिरवायची आणि 7 अंश खाली घ्यायची. एअरटेलची 108 वर, ती उलट दक्षिणेकडे 17 अंश आणि वर 13. डिश टीव्हीची 95 वर असते, तिला फक्त किंचित धक्का लागतो, आणि लोकांची सगळ्यात जास्त वाट लागते ती नेमकी इथेच.

कारण 60 सेंटीमीटरच्या छत्रीला एकावेळी साधारण 3 अंशांचा पट्टा दिसतो आणि 93.5 ते 95 यात अंतर आहे दीड अंशाचं. ते पीप-पीप करणारं स्वस्त सॅटेलाइट फाइंडर कुठल्याही उपग्रहावर सारखंच ओरडतं, त्याला डीडी आणि शेजारचा यातला फरक कळत नाही. गावोगावचे फिटिंगवाले त्याच पीपवर बोल्ट आवळून पैसे घेऊन जातात आणि मग घरात ‘नो सिग्नल’. माझं ऐका, फाइंडर विसरा. बॉक्स आणि एखादा छोटा टीव्ही गच्चीवरच न्या. मेनूत एलएनबी 9750/10600, फ्रिक्वेन्सी 11090, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिंबॉल रेट 29500 असं भरा आणि फक्त क्वालिटीचा पट्टा बघा. वरचा स्ट्रेंग्थचा पट्टा एलएनबी जोडली की नुसत्या गोंगाटावरही अर्धा भरतो, तो बघून खूश होण्यात अर्थ नाही. क्वालिटी शून्य म्हणजे हातात काहीच नाही.

उंची लावून बोल्ट अर्धवट आवळा आणि छत्री डावी-उजवी अगदी हळू सरकवा, बोटभर हलवली की थांबा, बॉक्सला आकडा दाखवायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढं थांबलं नाही तर सिग्नल समोरून निघून जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. सापडला नाही तर उंची एक अंश बदलून पुन्हा तीच फेरी. घाई करणाऱ्याला दुपारभर ऊन खावं लागतं.

क्वालिटी आली पण 30-40 वरच अडकली, किंवा काही चॅनेल दिसतात आणि काही नाहीत, तर छत्री हलवायची नाही, एलएनबी फिरवायची. ही पायरी जवळपास कुणीच सांगत नाही, ‘एलएनबी सरळ बसवा’ एवढं म्हणून मोकळे होतात. मलाही सुरुवातीला याच ठिकाणी सगळ्यात जास्त वेळ लागायचा. उपग्रह तुमच्या रेखांशापासून जितका लांब, तितकी त्याच्या सिग्नलची उभी दिशा (मेनूतलं ते व्हर्टिकल) तुमच्या दृष्टीने कलते, पुण्यात हा कल हिशेबाने 45 अंशांच्या जवळ येतो आणि नागपुरात 33. छत्रीच्या मागे उभं राहून आकाशाकडे बघत असाल तर एलएनबीची केबलची बाजू घड्याळातल्या सहावरून साडेचारकडे न्या (नागपूरला पाचकडे), तिथून थोडं थोडं फिरवत क्वालिटी सगळ्यात जास्त जिथे येईल तिथे क्लॅम्प आवळा. आवळताना एकदा पट्ट्याकडे बघा, बोल्ट घट्ट होताना छत्री हमखास सरकते.

कनेक्टरवर सेल्फ-सील टेप गुंडाळा आणि केबलला एलएनबीखाली एक लोंबता वेढा द्या, म्हणजे पाणी आत न जाता तिथूनच टपकतं. मुसळधार पावसात चित्र थोडा वेळ गेलं तर ते होणारच, केयू बँडचा (डीटीएच ज्या लहरींवर चालतं त्यांचा) तो स्वभाव आहे.

मग स्कॅन मारा. डीडीचे चॅनेल आले तरच काम झालं समजा, दुसरेच कुठले आले तर तुम्ही शेजारी बसलाय. खासगी चॅनेलच्या जागा लिलावाने दिल्या जातात त्यामुळे यादी बदलत राहते, कधी एखादा चॅनेल गायब झाला तर पाना घेऊन गच्चीवर पळू नका, आधी रीस्कॅन करा.