गोळी सुरू होण्याआधी संध्याकाळची तयारी

एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या त्रासाचे, औषध मुलाला सुरू करायचे ठरले की घरातली सगळी चर्चा शाळेभोवती फिरू लागते. शाळा सुटल्यानंतरचे तास मात्र कोणी हिशेबात धरत नाही, आणि औषधाचा असर ओसरण्याची वेळ पुष्कळदा नेमकी त्याच तासांत येते. म्हणून पहिली गोळी देण्याआधीच, शक्यतो डॉक्टरांची चिठ्ठी हातात पडते त्याच आठवड्यात, संध्याकाळची तयारी करून ठेवावी.

सुरुवात वेळापत्रकापासून करावी. एका कोऱ्या कागदावर आठवड्याचे सात दिवस मांडून शाळेची वेळ, व्हॅन घरी पोचण्याची वेळ, प्रत्येक क्लासची वेळ आणि झोपण्याची वेळ लिहावी. मग डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर औषधाचा असर कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे वेगळ्या रंगाने दाखवावे. मिथाइलफेनिडेट या उत्तेजक वर्गातल्या औषधाची साधी गोळी साधारण चार तास काम करते, तर हळूहळू औषध सोडणारी गोळी किंवा कॅप्सूल तिच्या प्रकारानुसार आठ ते बारा तास. अ‍ॅटोमॉक्सेटिन या उत्तेजक नसलेल्या औषधाचे गणित निराळे आहे: त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जावे लागतात आणि तो तासांत मोजण्यासारखा नसतो, मात्र सुरुवातीला मळमळ किंवा सुस्ती येऊ शकते, त्यामुळे त्या दिवसांत संध्याकाळच्या क्लासकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. नाशिकमध्ये अनेक मराठी शाळा दोन सत्रांत भरत असल्याने हा कागद विशेष उपयोगी पडतो. सकाळसत्राच्या मुलाने सातच्या आत साधी गोळी घेतली, तर शाळा सुटेपर्यंत तिचा असर संपत आलेला असतो आणि पाच वाजताचा तबल्याचा तास औषधाविनाच होतो. दुपारसत्राचा मुलगा सहाच्या सुमारास सुटतो. त्याची गोळी कधी द्यायची, हा प्रश्न डॉक्टरांना वेगळा विचारावा लागतो, कारण उशिरा दिलेल्या गोळीने रात्रीची झोप लांबते. संध्याकाळच्या शिकवणीसाठी आणखी एक छोटी मात्रा हवी असे वाटले, तरी ती आपल्या मनाने कधीही देऊ नये.

कागद भरून झाला की मोह होतो तो बदल करण्याचा. आता मुलगा एका जागी बसू लागेल, तर अबॅकस लावून टाकू, असा विचार पालकांच्या मनात येतो; उलट काही घरांत ‘औषध चालू आहे, तर सगळेच बंद करू’ असेही म्हटले जाते. माझे स्पष्ट मत आहे की पहिला महिना-दीड महिना नवा क्लास लावू नये आणि चालू क्लास बंदही करू नये. या काळात डॉक्टर थोड्या मात्रेपासून सुरुवात करून ती टप्प्याटप्प्याने, बहुधा आठवड्या-आठवड्याच्या अंतराने, वाढवत असतात आणि कोणत्या मात्रेला काय फरक पडतो हे पाहत असतात. त्याच वेळी संध्याकाळचा क्रमही बदलला, तर मुलाची चिडचिड गोळीमुळे झाली की नव्या क्लासमुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही. एखादी गोष्ट कमी करणे भागच असेल, तर बैठकीची शिकवणी किंवा शिष्यवृत्तीचा जादा तास कमी करावा, मैदान नव्हे. आमच्याकडे याच्या नेमके उलटे होते, ही गोष्ट वेगळी.

असर ओसरताना काही मुले अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून अधिक वेळ, चिडखोर किंवा रडवेली होतात किंवा पूर्वीपेक्षाही जास्त चंचल होतात. डॉक्टर याला रिबाउंड म्हणतात. हा तास वेळापत्रकात मोकळा ठेवणे, ही सगळ्या तयारीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि सर्वांत अवघडही, कारण नेमका तोच वेळ आपल्याकडे प्रवासात जातो. नाशिकरोडहून निघून द्वारका चौकाच्या गर्दीतून कॉलेज रोडचा क्लास गाठायचा, तर मुलगा स्कूटरवर किंवा रिक्षात असतानाच त्याचा तोल जातो आणि आईवडिलांचाही. जवळचा क्लास थोडा कमी नावाजलेला असला तरी चालेल, पण घर आणि क्लास यांच्यामध्ये घरी टेकायला वेळ मिळाला पाहिजे. त्या वेळात गृहपाठ काढू नये, दिवसभराचा जाबही विचारू नये. दुपारी मूल आजी-आजोबांकडे असेल, तर त्यांना हे आधी नीट समजावून सांगावे, म्हणजे ‘औषध देऊनही हा असाच’ हे वाक्य मुलाच्या कानावर पडणार नाही.

खाण्याची तयारी स्वयंपाकघरात आदल्या रात्रीच करावी लागते. मिथाइलफेनिडेटने दुपारची भूक मरते, डबा अर्धा परत येतो, आणि मग रिकाम्या पोटी मूल कराटेला जाते. यासाठी गोळीच्या आधी सकाळी भरपेट नाश्ता द्यावा: थालीपीठ आणि दही, अंडे आणि पोळी, शेंगदाणे घातलेले पोहे, जे घरात चालत असेल ते. शाळेतून आल्यावर आग्रह न करता, पण समोर दिसेल असे, नागलीचे लाडू, चिक्की, केळे किंवा दूध ठेवावे. भूक रात्री परत येते, म्हणून क्लास संपवून साडेआठला घरी पोचणाऱ्या मुलाने पुन्हा काही मागितले, तर ‘आता झोपायची वेळ झाली’ म्हणून नाकारू नये. औषध सुरू होण्यापूर्वी वजन आणि उंची नोंदवून ठेवावी. पुढे दर काही महिन्यांनी ती मोजायची असते, आणि पहिला आकडाच नसेल तर तुलना कशाशी करणार?

मैदानाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. या औषधांनी नाडीचे ठोके आणि रक्तदाब थोडा वाढू शकतो, म्हणून सुरुवातीच्या तपासणीत दोन्ही मोजून घ्यावेत, आणि मूल खेळताना कधी भोवळ येऊन पडले असेल, छातीत दुखले असेल किंवा घराण्यात कोणाचा तरुण वयात अचानक हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, तर ते न विचारता सांगावे. दम्याचा पंप किंवा इतर कोणतेही औषध चालू असल्यास तेही सांगावे. चैत्र-वैशाखात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवसांत चारचा सराव साडेपाचवर न्यावा, आणि तहान लागण्याची वाट न पाहता मुलाने ठरावीक वेळाने पाणी पिण्याची सवय लावावी, कारण उत्तेजक वर्गातल्या औषधांमुळे शरीर तापण्याचा धोका वाढतो. खेळताना छातीत दुखले किंवा मूल बेशुद्ध पडले, तर सराव तिथेच थांबवून थेट रुग्णालय गाठायचे, हे घरातल्या आणि मैदानावरच्या दोघांनाही माहीत हवे. पोहणे, स्केटिंग, मल्लखांब अशा ज्या प्रकारांत एका क्षणाची घाई इजा करते, त्यांची बॅच असराच्या तासांत बसवता आली तर उत्तम. नसेल, तर तलावावर कोणीतरी मोठे माणूस मुलावर नजर ठेवून थांबेल अशी सोय करावी. क्लासला एकट्याने सायकलवर जाण्याचा विषय काही महिने पुढे ढकललेला बरा.

सरांना आणि ताईंना किती सांगायचे, हे मुलाशी बोलून ठरवावे. चित्रकलेच्या ताईंना निदान कळण्याची गरज नसते. मुलाला मधे पाणी पिऊ द्यावे, खाऊचा डबा उघडू द्यावा आणि एका वेळी एकच सूचना द्यावी, एवढे पुरे होते. खेळाच्या प्रशिक्षकांना मात्र औषधाचे नाव आणि छातीत दुखण्याविषयीची खूण लेखी द्यावी, आणि इतर मुलांसमोर ‘आज गोळी घेतली नाहीस का?’ असे कोणी विचारणार नाही, याचा शब्द घ्यावा. मूल जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळत असेल, तर आणखी एक काम असते. उत्तेजक द्रव्यांच्या जागतिक यादीत मिथाइलफेनिडेट स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे. वैद्यकीय कारणासाठी सूट मिळते, पण त्यासाठी रीतसर कागदपत्रे लागतात, म्हणून संघटनेकडे आधीच चौकशी करावी.

गोळ्यांच्या साठ्याकडे दुर्लक्ष होऊ नये. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत, येते. ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि तिची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. पाकीट संपायच्या आठवडाभर आधीच दुकानात जावे, आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणार असाल तर त्याचाही हिशेब धरावा. गोळ्या कुलपात ठेवाव्यात. मुलाच्या दप्तरात किंवा क्लासच्या सरांकडे ठेवायला देऊ नयेत. हळूहळू औषध सोडणारी गोळी चावायची किंवा कुटायची नसते, आणि अ‍ॅटोमॉक्सेटिनची कॅप्सूल उघडायची नसते. तेव्हा मुलाला गोळी गिळता येते का, हे आधी पाहून डॉक्टरांना तसे सांगावे.

शेवटी एक साधी वही करावी, आणि ती रोज दोन ओळींपेक्षा जास्त मागणारी नसावी, नाहीतर चौथ्या दिवशी ती बंद पडते. गोळी किती वाजता दिली, डबा किती उरला, चिडचिड कधी सुरू झाली, क्लासमध्ये काही विशेष घडले का, झोप कधी लागली, एवढेच त्यात असावे. एक रकाना मुलाने स्वतः भरावा, त्याला आज तालमीत कसे वाटले एवढ्यापुरता. पुढच्या भेटीला वही बरोबर न्यावी आणि डॉक्टरांना तीन गोष्टी थेट विचाराव्यात: संध्याकाळची चिडचिड मात्रेमुळे आहे की असर संपल्यामुळे, रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत औषध चालू ठेवायचे की नाही, आणि सकाळची गोळी राहून गेली तर ती किती वाजेपर्यंत दिलेली चालेल.