बोर्डोच्या धर्तीची मिश्र वाइन: वाण निवडताना आणि मिसळताना या चुका टाळा

फ्रान्समधील बोर्डो प्रदेशाच्या लाल वाइनचे जगभर सर्वाधिक अनुकरण झाले आहे. कॅबर्ने सोविन्यॉन, मर्लो, कॅबर्ने फ्राँ आणि थोड्या प्रमाणात पेटी व्हर्डो व माल्बेक ही द्राक्षवाणांची नावे या क्षेत्रात नव्याने आलेल्यालाही पाठ असतात. मात्र यांपैकी कोणता वाण कोणती उणीव भरून काढण्यासाठी घेतला, असे विचारले की उत्तर बहुधा टक्केवारीत मिळते, आणि मिश्रण बिघडण्याची सुरुवात नेमकी तेथेच होते.

दुसऱ्याचे प्रमाण उचलणे

जिरोंद खाडीच्या डाव्या काठावरील मेदोक भागात गोट्यांची, पाण्याचा लवकर निचरा होणारी आणि ऊब धरून ठेवणारी जमीन आहे; उशिरा पिकणारा कॅबर्ने सोविन्यॉन तेथे पुरेसा पिकतो, म्हणून तेथील मिश्रणांत त्याचा वाटा सहसा मोठा असतो. उजव्या बाजूच्या पोमरोल आणि सेंट एमिलियोंमध्ये चिकणमाती व चुनखडीची थंड जमीन असल्याने मर्लोला प्राधान्य मिळते. पेत्रुस ही प्रसिद्ध वाइन जवळजवळ संपूर्ण मर्लोची असते, तर तिच्यापासून फार दूर नसलेल्या शव्हाल ब्लाँ या वाइनरीच्या वाइनमध्ये कॅबर्ने फ्राँचा वाटा लक्षणीय असतो.

यामागे चवीइतकेच हवामानाचेही गणित आहे. मर्लो लवकर फुटतो आणि लवकर फुलतो, त्यामुळे वसंतातले हिमतुषार आणि फुलोऱ्याच्या वेळचा गारठा त्याला बाधतो; कॅबर्ने सोविन्यॉन त्यातून निभावतो, पण शरद ऋतूतील पावसात सापडू शकतो. दोन्ही एकाच वर्षी बुडण्याची शक्यता कमी, म्हणून दोन्ही लावायचे, आणि त्या वर्षी जे चांगले पिकले त्यानुसार प्रमाण ठरवायचे, अशी ती रीत आहे. एखाद्या नामांकित वाइनरीचे ७०-३० हे प्रमाण तसेच उचलणारा माणूस दुसऱ्या जमिनीचे आणि दुसऱ्या वर्षाचे उत्तर आपल्या प्रश्नाला चिकटवत असतो.

नाशिकमध्ये तर मूळ प्रश्नच वेगळा आहे. एप्रिलमधील खरड छाटणी (नव्या फुटींसाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील फळछाटणी (घडांसाठी) यांमुळे काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येते. बोर्डोत द्राक्षे थंड होत जाणाऱ्या हवेत पिकतात. येथे ती तापत जाणाऱ्या हवेत पिकतात, त्यामुळे उशिराच्या काढणीत साखर झपाट्याने चढते आणि आम्ल उतरते. अशा स्थितीत कॅबर्नेचा कणखरपणा मऊ करण्यासाठी मर्लो शोधण्यापेक्षा, आम्लाचा ताजेपणा टिकवणारा भाग कोणत्या प्लॉटमधून मिळेल हे आधी पाहावे. फळछाटणीची तारीख आपल्या हातात असते. टप्प्याटप्प्याने छाटणी करून एकाच वाणाचे वेगवेगळ्या स्वभावाचे दोन-तीन लॉट मिळवणे हा उपाय मला नवा वाण लावण्यापेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो.

वाणाची ओळख गृहीत धरणे

चिलीमध्ये मर्लो समजून वाढवलेल्या कित्येक वेली प्रत्यक्षात कार्मेनेरच्या होत्या, हे १९९४ मध्ये फ्रेंच तज्ज्ञ ज्यां-मिशेल बुर्सिको यांनी ओळखले. कार्मेनेर मर्लोपेक्षा काही आठवडे उशिरा पिकतो, त्यामुळे दोन्ही एकत्र तोडल्यास अर्धा माल कच्चा राहतो. वाइनमध्ये दरवर्षी हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येत असेल, तर मिश्रणाकडे वळण्यापूर्वी रोपांची खात्री करावी, काढणीची तारीख तपासावी आणि घडांवर ऊन पोहोचते का हेही पाहावे.

दोष मिसळून घालवण्याचा प्रयत्न

मिश्रणाने उणीव भरून निघते, दोष जात नाही. रंग फिका आहे, मधली चव पोकळ आहे, टॅनिनचा तुरटपणा राकट आहे, या उणिवा झाल्या. व्हिनेगरचा वास किंवा ब्रेटानोमायसिस या यीस्टमुळे येणारा तबेल्यासारखा वास हा दोष आहे, आणि असा लॉट निरोगी टाकीत ओतल्यास संसर्गच पसरतो. वर सांगितलेल्या ढोबळी मिरचीच्या वासाचे द्रव्य तर लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी जाणवते. ते पातळ करून संपवण्यासाठी लागणारी चांगली वाइन बहुधा त्या लॉटच्या किमतीपेक्षा महाग पडते. असा माल वेगळाच ठेवावा.

चाखून ठरवले, मोजले नाही

मिश्रणाची चाचणी १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात, प्रमाण ५-५ टक्क्यांनी बदलत आणि नमुन्यांवर फक्त सांकेतिक खुणा घालून करावी. पेटी व्हर्डोसारख्या गडद आणि टॅनिनयुक्त वाणासाठी याहूनही लहान टप्पे घ्यावेत. अल्कोहोल आणि एकूण आम्लता यांचा अंदाज सरासरीने काढता येतो, पण सामूचा (pH) काढता येत नाही. तो मिश्रण करून मोजावाच लागतो. सामू ३.५ वरून ३.८ वर गेला, तर वाइन टिकवण्यासाठी घातलेल्या तेवढ्याच मुक्त सल्फर डायऑक्साइडचा परिणामकारक भाग जवळपास निम्मा होतो. त्यामुळे मिसळण्यापूर्वी पुरेसे असलेले संरक्षण नंतर अपुरे ठरते.

मिसळल्यावर काम संपले असे समजणे

बाटलीत गॅस धरणे, गढूळपणा आणि विचित्र वास या तक्रारींमागे अनेकदा एकच कारण असते. मर्लोच्या टाकीत मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर पूर्ण झालेले असते, कॅबर्नेच्या टाकीत ते अर्धवट असते, आणि दोन्ही एकत्र करून लगेच बाटल्या भरल्या जातात. हे रूपांतर करणाऱ्या पहिल्या वाइनमधील जिवाणूंना दुसरीतले मॅलिक आम्ल मिळते आणि राहिलेले रूपांतर बाटलीत होते. शिल्लक साखर आणि जिवंत यीस्ट एकत्र आल्यावरही असेच घडते. म्हणून प्रत्येक लॉटचे मॅलिक आम्ल आणि शिल्लक साखर वेगवेगळी तपासावी, रूपांतर टाकीतच पूर्ण होऊ द्यावे, आणि ते शक्य नसेल तर बाटली भरताना यीस्ट व जिवाणू अडवणाऱ्या ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरचा वापर करावा.

टार्टरेटच्या, म्हणजे वाइनमधील टार्टारिक आम्लाच्या क्षाराच्या, खड्यांचेही असेच आहे. स्वतंत्रपणे थंडीत स्थिर असलेल्या दोन वाइन एकत्र केल्यावर सामू, पोटॅशियम आणि अल्कोहोल बदलतात आणि खडे पडू शकतात. म्हणून शीत-स्थिरतेची चाचणी अंतिम मिश्रणावर पुन्हा करावी आणि त्यानंतर वाइनला काही आठवडे टाकीत बसू द्यावे.

कधी मिसळावे याबाबत बोर्डोतही एकमत नाही: काही वाइनरी काढणीनंतरच्या हिवाळ्यात मिसळतात, काही पिंपांतील मुरवण संपल्यावर. नवख्याने दुसरी वाट धरावी, कारण वेगळे ठेवलेले लॉट केव्हाही एकत्र करता येतात. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातील कोत-रोती भागाप्रमाणे सिरा हा लाल आणि व्हिओन्ये हा पांढरा वाण एकत्रच आंबवण्याचा प्रयोग आकर्षक असला, तरी त्यात मागे फिरता येत नाही; तेथे नियमाने व्हिओन्येला २० टक्क्यांपर्यंत मुभा असूनही प्रत्यक्षात उत्पादक बरेच कमी घेतात, हे लक्षात घ्यावे.

निर्यात करणाऱ्यांसाठी एक सूचना. लेबलवर एकाच वाणाचे नाव लिहायचे असल्यास युरोपीय संघात त्याचा वाटा किमान ८५ टक्के आणि अमेरिकेत सामान्यतः ७५ टक्के लागतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी वाढवलेल्या दुसऱ्या वाणाच्या ५ टक्क्यांनी लेबल बेकायदेशीर ठरणार नाही ना, हे छपाईला देण्यापूर्वी तपासावे.