पेशवेकालीन प्रणयकथा लिहिताना या चुका टाळा

पेशवाईच्या पार्श्वभूमीवर प्रेमकथा लिहू पाहणाऱ्यांची संख्या मराठीत कमी नाही, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी अभ्यासही केलेला असतो. मात्र हा अभ्यास पैठण्या, पगड्या आणि पंक्तींच्या वर्णनात खर्ची पडतो, आणि नायक-नायिका आजच्या तरुणांप्रमाणे हव्या त्या वेळी हव्या त्या ठिकाणी भेटत राहतात. प्रणयकथेपुरते बोलायचे तर संशोधनाचा पहिला उपयोग सजावटीसाठी नाही. दोन माणसांची भेट त्या काळात कशामुळे अडत होती, आणि अडूनही कोणत्या फटीतून होऊ शकत होती, हे त्यातून कळायला हवे. कथानक सैल वाटू लागले की दोष बहुधा इथेच सापडतो.

आधी ढोबळ चुका उरकून घेऊ. बाजीराव आणि मस्तानी यांची भेट पर्वतीच्या देवळात घडवण्याचा मोह अनेकांना होतो. बाजीरावांचे निधन 28 एप्रिल 1740 रोजी रावेरखेडी येथे झाले, आणि पर्वतीवरील देवदेवेश्वराचे देऊळ नानासाहेबांच्या काळात, 1749 मध्ये उभे राहिले. शनिवारवाड्याची वास्तुशांत 1732 ची असली तरी तिथले हजारी कारंजे सवाई माधवरावांच्या बालपणाशी जोडलेले आहे, म्हणजे सुमारे चार दशकांनंतरचे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आलेला, त्यामुळे त्याच्या सड्यावरून चालणारी पेशवेकालीन नायिका ताबडतोब बकुळीखाली किंवा पारिजातकाखाली न्यावी. बैठकीतील हार्मोनियम, पाहुण्याला दिलेला चहा आणि भडक राणी रंगाचे लुगडे यांनाही हाच न्याय लावावा. कृत्रिम रंगांची सुरुवातच 1856 मध्ये झाली. त्यापूर्वीचे रंग नीळ, मंजिष्ठ, कुसुंबा आणि लाख यांतून येत. अशा चुका वाचक लगेच पकडतो, पण त्या दुरुस्त करायला एक दुपार पुरते.

तिथीचे गणित मात्र अधिक जपून करावे लागते, कारण प्रेमकथेतील निम्मे प्रसंग रात्री घडतात. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी, म्हणजे शके 1682 च्या पौष शुद्ध अष्टमीला झाली. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो हा नियम सर्वांना पाठ असतो. परंतु शकाचे वर्ष चैत्रात बदलत असल्याने जानेवारी ते मार्चच्या सुमारास 79 मिळवावे लागतात, आणि हे विसरले की आख्खे कथानक एक वर्ष मागे सरकते. त्याच तारखेवरून दुसरी चूक होते, ती संक्रांतीची. आज संक्रांत 14 जानेवारीच्या आसपास येते म्हणून पानिपतच्या दिवशी पुण्याच्या वाड्यात तिळगूळ वाटणारी नायिका रंगवली जाते. संक्रांतीची इंग्रजी तारीख हळूहळू पुढे सरकते. 1863 मध्ये ती 12 जानेवारीला होती, तेव्हा 1761 मध्ये ती त्याही आधी होऊन गेलेली होती. शिवाय अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. त्या रात्री उत्तररात्रीचे चांदणे लिहिणाऱ्या लेखकाने पंचांग उघडलेले नाही, हे जाणत्या वाचकाला तेथेच कळते.

अस्सल कागद हाताळणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. मराठी पत्रांत शुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे 1161. इसवी सन काढायला त्यात 599 किंवा 600 मिळवावे लागतात, कारण हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते. वसईच्या मोहिमेवर, म्हणजे 1739 च्या आसपास लिहिणार असाल तर मुंबईकर इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्या तारखांत 11 दिवसांचा फरक पडतो हेही ध्यानात ठेवावे, कारण इंग्रजांनी नवी कालगणना 1752 मध्ये स्वीकारली. नाहीतर उत्तर पोचल्यानंतर पत्र रवाना होते.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे एकांताकडे वळू. हस्तलिखितातील सर्वांत खोटे पान बहुधा तेच असते, जिथे नवराबायको भर दुपारी ओसरीवर हातात हात घेऊन बसलेले असतात. वाड्यात देवडीपासून माजघरापर्यंत प्रत्येक जागेवर कुणाची तरी नजर असे: कारकून, कुणबिणी, आश्रयाला राहिलेली आत्याबाई, अंगणात खेळणारी पोरे. वडीलधाऱ्यांसमोर पत्नी पतीशी थेट बोलत नसे, त्याचे नाव घेत नसे. ‘इकडून’ आणि ‘तिकडून’ यांवर संसार चाले. त्यात दर महिन्याचे बाजूला बसण्याचे दिवस, सोवळे, सोयर-सुतक, चातुर्मासातील व्रते यांची भर पडे. हे सारे वाचताना लेखक कंटाळतो आणि सरळ वगळून टाकतो, पण हीच तर कथेची सामग्री आहे. नायिका विडा करून तबकात ठेवते, ते तबक सासूच्या हातून बाहेर जाते, आणि विड्यात आज वेलदोडा जास्त आहे हे एकट्या नायकाला कळते: एवढ्या प्रसंगात जो ताण आहे तो चांदण्यातल्या दहा मिठ्यांत येणार नाही. भेटीचे प्रकरण फिके वाटत असेल तर त्या दालनात तिसरे माणूस आणून बसवावे, आणि मग दोघांना बोलू द्यावे.

पत्रांचेही तसेच आहे. गोपिकाबाई, आनंदीबाई अशा स्त्रियांची पत्रे उपलब्ध आहेत. परंतु कागद कारकुनाकडून लिहवून घेण्याची सर्रास पद्धत होती, म्हणजे प्रेमपत्राला पहिला वाचक परकाच असे. पुढे ते पत्र जासूद किंवा सांडणीस्वार नेणार, वाटेत ते सापडण्याची भीती असणार. पानिपतची बातमीसुद्धा ‘दोन मोत्ये गळाली’ अशा सावकारी सांकेतिक भाषेत पोचल्याचे प्रसिद्ध आहे. त्यामुळे चार पानांचे भावनिक पत्र लिहिण्याऐवजी नेहमीचा मायना, येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाण्याची विनंती, घोड्यांच्या दाण्याचा हिशेब, आणि त्यांच्या मध्येच ‘थंडी बहुत पडली, शालजोडी पेटीत न ठेवता अंगावर घ्यावी’ असे एखादे वाक्य ठेवावे. ‘बहुत काय लिहिणे’ या ठरीव समारोपालाही अशा जागी वेगळे वजन येते.

कथानकाची गती बसत नसेल तर ऋतुचक्राकडे पाहावे. फौजा साधारणतः दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत आणि पावसाळ्याच्या तोंडावर छावणीला किंवा घरी परतत. लांबच्या मोहिमांत तर पावसाळाही परमुलुखात जाई. विरह आणि मीलन यांचे वेळापत्रक असे आयते मिळत असताना नायकाला माघात उगाच आठवडाभर घरी आणण्याचे कारण नाही. श्रावणात त्याला यायचेच असेल, तर नदीला उतार मिळेपर्यंत अलीकडच्या काठावर त्याला खोळंबून ठेवावे.

एक विषय मात्र झाकून चालत नाही. मुलींची लग्ने साधारणपणे आठव्या-दहाव्या वर्षी होत. त्यावर उपाय म्हणून नायिकेला अठराव्या वर्षी अविवाहित दाखवणे हा ब्राह्मणी वाड्याच्या संदर्भात सरळ खोटेपणा ठरतो. त्यापेक्षा लग्न होऊन बरीच वर्षे लोटल्यावर, दोघेही प्रौढ असताना, प्रथमच खऱ्या अर्थाने ओळख होणारे जोडपे निवडावे. कुणबिणी आणि बटकी, म्हणजे वाड्यातील गुलाम दासी, यांच्या बाबतीत अधिक सावधपणा हवा. त्यांची खरेदी-विक्री होत असे, आणि मालकाला नकार देण्याची सोय नसलेल्या स्त्रीशी त्याचे संबंध ‘गुप्त प्रेम’ म्हणून गोड करून मांडले की अभ्यास आणि सदसद्विवेक दोन्ही एकदम उघडे पडतात.

संवाद बखरीसारखे करावेत का, असा प्रश्न नेहमी येतो. बखरी बऱ्याचदा घटनेनंतर लिहिल्या गेल्या, त्यांतील भाषणे रचलेली असतात. भाषेचा बाज त्यांच्याकडून घ्यावा, तारखा घेऊ नयेत. तारखांसाठी राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ आणि सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे 45 खंड आहेत. शृंगाराची भाषा मात्र दप्तरात मिळत नाही, ती लावणीत मिळते. राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर यांच्या रचनांत देहाविषयी इतके मोकळे बोलले गेले आहे की तत्कालीन माणसे सोवळीच बोलत असतील हा समज गळून पडतो. ही शाहिरी उत्तर पेशवाईत बहरली, एवढे भान ठेवून ती थोरल्या बाजीरावांच्या दरबारात नेऊ नये.

खऱ्या व्यक्तींना नायक-नायिका करताना आधी नोंदीत काय आहे ते संपूर्ण पाहावे. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावरून परतल्या, पतीचा मृत्यू त्यांनी कधी मानला नाही, पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, 1776 मध्ये त्याला देहदंड झाला, आणि 1783 मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी सौभाग्यलेणे उतरवले नाही. अशा आयुष्यात काल्पनिक प्रियकर घुसवणे हे कल्पकतेचे लक्षण मानता येत नाही. कुठे काल्पनिक पात्र आणले, कोणती तारीख सोयीसाठी हलवली आणि कोणता संवाद पूर्णपणे आपला आहे, हे मनोगतात स्पष्ट लिहावे. आणि मनोगत दोन पानांत आटोपावे, कारण कादंबरीत न मावलेली सगळी टिपणे तिथे ओतणे ही देखील या प्रकारातील नेहमीचीच चूक आहे.