सिव्हिलायझेशन 6 मध्ये वरच्या डिफिकल्टीला हरताय? या चुका टाळा

सिव्हिलायझेशन 6 हा आळीपाळीने चाली करत साम्राज्य वाढवायचा कॉम्प्युटर गेम. त्यात प्रिन्स या मधल्या लेव्हलला हसत-खेळत जिंकणारी मंडळी वरच्या इम्पेररला गेली, की दोन-तीन गेममध्येच कुरकुर सुरू होते: "एआय चीटिंग करतो राव." एआय, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेला प्रतिस्पर्धी, करतोच की, आणि त्यात लपवाछपवी काही नाही. या गेममध्ये लेव्हल वाढवली म्हणून एआयची अक्कल वाढत नाही, शिदोरी वाढते. प्रिन्सला तो तुमच्यासारखाच एक सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) घेऊन उतरतो, इम्पेरर आणि त्यावरच्या इमॉर्टलला दोन, सगळ्यात वरच्या डेइटीला तीन. वर जादा वॉरियर, उत्पादनापासून विज्ञानापर्यंत सगळ्यात टक्केवारीची भर, आणि डेइटीला प्रत्येक लढाईत +4 ताकद. पण एवढं भांडवल मिळूनही ते वापरायचं कसं, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. तो भिंतीवर एकेक युनिट पाठवून मारून घेतो आणि डिस्ट्रिक्ट (शहराचे विज्ञान, व्यापार असे खास विभाग) कुठेही टाकतो. त्यामुळे पहिल्या सत्तर-ऐंशी टर्नमध्ये तुम्ही टिकलात आणि अंतर फार वाढू दिलं नाहीत, तर पुढचा गेम तुमच्या बाजूला झुकतो. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका त्याच टर्नमधल्या आहेत.

वंडरचा मोह

आमच्या वडोदऱ्याच्या ग्रुपमधल्या पोरांची ही सगळ्यात लाडकी चूक. राजधानी वसली रे वसली, की स्टोनहेंज हा वंडर (जगात एकदाच बांधता येणारी भव्य वास्तू) बांधायच्या रांगेत. स्टँडर्ड स्पीडला स्टोनहेंजचं उत्पादन 180. पहिला सेटलर 80 चा, दुसरा 110 चा. म्हणजे दहा जास्त घातले की दोन अख्खी शहरं येतात, आणि ती गेम संपेपर्यंत देत राहतात. त्यात डेइटीला स्टोनहेंज तुमच्या आधी कोणीतरी उरकण्याची शक्यताच जास्त. सुरुवातीचा वंडर ही चैन आहे, ती प्रिन्सला करा.

मी साधारण स्काउट (टेहळ्या), स्लिंगर (गोफणवाला), सेटलर असा क्रम ठेवतो. शेजारी डोक्यावरच बसलेला असेल तर दुसरा स्लिंगर आधी. सेटलर एक लोकसंख्या खातो, त्यामुळे शहर दोनचं होईपर्यंत तो बनत नाही. म्हणून पहिली टाइल (नकाशावरचं घर) निवडताना अन्नाकडे बघा. अर्ली एम्पायर सिव्हिक (संस्कृतीतून मिळणारा टप्पा) मिळाला, की कॉलोनायझेशनचं कार्ड लावून सेटलरवर 50 टक्के जादा उत्पादन घ्या. मॅग्नस गव्हर्नरचं प्रोव्हिजन प्रमोशन घेतलंत तर त्या शहराची लोकसंख्याही घटत नाही.

शहरं कुठे वसवायची, यात दोन घोळ होतात. एक पाण्याचा. गोड्या पाण्याला लागून वसवलं तर सुरुवातीचं हाउसिंग (किती लोकसंख्या मावते ते) 5, नुसता समुद्र असेल तर 3, काहीच नसेल तर 2. दोनवालं शहर जन्मतःच घुसमटतं. (भारत घेऊन खेळत असाल तर इरिगेशननंतर स्टेपवेल म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी बांधता येतात, एक अन्न आणि एक हाउसिंग देतात. वडोदऱ्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव पाहिलेल्यांना त्यांचं महत्त्व सांगायला नको.) गॅदरिंग स्टॉर्म या एक्स्पान्शनमध्ये नदीला पूर येतो, शेतं वाहून जातात, 2024 च्या ऑगस्टमध्ये वडोदऱ्याची विश्वामित्री नदी पाहिलेल्याला त्याचा धसका बसतो. तरी फ्लडप्लेन्स सोडू नका. पुरानंतर तिथली जमीन बऱ्याचदा आधीपेक्षा सुपीक होते.

दुसरा घोळ अंतराचा. दोन शहरांत आठ-आठ टाइल मोकळ्या सोडून देश ऐसपैस मांडायची हौस अनेकांना असते. मधल्या जागेत मग शेजाऱ्याचा सेटलर येऊन बसतो. नियमाने मध्ये तीन टाइल सोडल्या तरी पुरतं, तेव्हा दाटीवाटीने वसवा. दाट वस्तीत डिस्ट्रिक्ट एकमेकांना लागून येतात, आणि लॉयल्टीचा (शहराच्या निष्ठेचा) दाब नऊ टाइलपर्यंतच्या लोकसंख्येवरून ठरतो, म्हणून शहरं एकमेकांना धरूनही राहतात.

डिस्ट्रिक्ट "नंतर" टाकणं

याकडे अनुभवी खेळाडूंचंही दुर्लक्ष होतं. डिस्ट्रिक्टची किंमत तुमच्या टेक (शोध) आणि सिव्हिकबरोबर चढत जाते, पण जागेवर ठेवला त्या क्षणी गोठते. बांधून पूर्ण करायची घाई नाही. ठेवा, एक टर्न द्या, आणि परत सेटलरकडे वळा. लोकसंख्या 1 ला पहिला डिस्ट्रिक्ट, 4 ला दुसरा, 7 ला तिसरा. शहराने चार गाठले, की त्याच टर्नला दुसरा ठेवून टाका. फक्त त्या टाइलवर जंगल असेल तर आधी बिल्डरकडून तोडून उत्पादन खिशात घाला. जंगलावर थेट डिस्ट्रिक्ट ठेवलात तर ते लाकूड फुकट जातं.

कॅम्पस (विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट) डोंगरांच्या कुशीत, कमर्शियल हब (व्यापाराचा) नदीकाठी. एवढं पाळलं तरी इम्पेररला विज्ञानात फार मागे पडत नाही. युरेका (ठरावीक काम केलं की टेकला मिळणारी चालना) सोडू नका, दर युरेकाला टेकचा 40 टक्के भाग मिळतो. स्लिंगरने एक रानटी मारला की आर्चरी जवळजवळ अर्धी झाली.

"सैन्य होतं, तरी हरलो"

तक्रार ही असेल तर आधी हिशेब बघा. सारख्या ताकदीची दोन युनिट भिडली, की शंभर हेल्थपैकी सरासरी 30 जातात. डेइटीचे +4 धरले तर त्याचा फटका 35 च्या आसपास आणि तुमचा 25-26. म्हणजे तो तीन फटक्यांत तुम्हाला लोळवतो आणि तुम्हाला चार लागतात. आता टेकडीचे +3 आणि जंगलाचे +3 मोजा. जंगलाच्या टेकडीवर उभा असलेला तुमचा वॉरियर ती सगळी सूट फिटवून वर दोन शिल्लक ठेवतो. दोन टर्न जागा न सोडता फोर्टिफाय केलं तर आणखी +6. म्हणून बचावाच्या लढाईत पुढे धावून जाऊ नका, त्याला तुमच्या टेकडीपाशी येऊ द्या आणि मागून आर्चर चालवा.

आता हल्ला. परवा कारेलीबागेतल्या भाच्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "मामा, चार आर्चर आहेत, दोन वॉरियर आहेत, तरी गाव पडत नाहीये." मी म्हटलं, "भिंत आहे ना रे त्याला?" होती. आर्चरला शहरावर मारताना ताकदीत 17 चा दंड बसतो आणि भिंतीवर लागतं तेही अर्धंच. वॉरियरचं तर भिंतीवर 15 टक्केच लागतं. तो टर्नमागून टर्न भिंतीला गुदगुल्या करत होता, आणि शहर दर टर्नला 20 भरून काढत होतं. शिवाय त्याचा एक आर्चर जंगलात शिरला होता. तिथे शिरताना चाल संपते, मग त्या टर्नला बाण सुटत नाही. तो तीन टर्न हाच आर्चर इकडून तिकडे हलवत बसला होता.

उपाय मेसनरी या टेकमध्येच आहे, बॅटरिंग रॅम. ते स्वतः लढत नाही, वॉरियरच्याच टाइलवर उभं राहतं. शहराला लागून आणलं, की शेजारच्या वॉरियरचं भिंतीवर पूर्ण लागतं. जोडीला चहूबाजूंनी वेढा घातला, म्हणजे शहराचं भरून येणंही थांबतं. भाच्याने रॅम बनवायला घेतलं आणि गाव पाचेक टर्नमध्ये पडलं. पण मुळात मेसनरी हीच भिंतीचीही टेक, त्यामुळे शेजाऱ्याला मारायचंच असेल तर त्याने भिंत बांधायच्या आत मारा. उशीर झालाय असं वाटलं तर बेत सोडा आणि सेटलर काढा.

ओळख होताच पंचवीस सोनं

नवा नेता भेटला त्याच टर्नला 25 सोन्याचं डेलिगेशन (शिष्टमंडळ) पाठवा. पुढे तो तुमच्यावर नाराज झाला की घेत नाही. जमेल तसं फ्रेंडशिप जाहीर करून घ्या. तीस टर्न तो तुमच्यावर युद्ध पुकारू शकत नाही. एकाच लक्झरीच्या (चैनीच्या मालाच्या) दोन प्रती असतील तर एक विका. वरच्या लेव्हलला एआयकडे सोनं भरपूर असतं, आणि ते आपल्याकडे यायला हरकत कसली.

हरलात की लगेच नवा मॅप सुरू करता? ऑप्शन्समध्ये जाऊन किती ऑटोसेव्ह ठेवायचे तो आकडा वाढवून ठेवा, आणि हरल्यावर पन्नासाव्या टर्नच्या आसपासचा सेव्ह उघडा. शहरं किती, किती डिस्ट्रिक्ट ठेवलेले, किती सोनं नुसतं पडून, एवढंच बघा. तीनच शहरं आणि तिजोरीत सेटलरपुरतं सोनं दिसलं, तर त्याच सेव्हवरून सेटलर विकत घेऊन पुन्हा खेळा.