लिपो चार्जर घेताना आणि लावताना या चुका टाळा

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारं, प्लेन किंवा कार घेताना लोक मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), रेडिओ यावर आठवडाभर डोकं खपवतात आणि चार्जर मात्र शेवटी, उरलेल्या पैशात, दुकानदार देईल तो उचलतात. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या खरेदीत चांगले पैसे टाकायचे तर ते चार्जरवर टाका, कारण मॉडेल पडतं, मोडतं, विकलं जातं, पण धड चार्जर कितीतरी वर्षं चालतो आणि तुमच्या सगळ्या बॅटऱ्यांचं आयुष्य त्याच्यावरच ठरतं. शिवाय लिपो, म्हणजे या मॉडेलमधली लिथियम पॉलिमर बॅटरी, पेट घ्यायचा धोका चार्जिंगच्या वेळी मोठा असतो, आणि चार्जिंग आपण घरात करतो, आई-वडील, मुलंबाळं असतात तिथे.

एक गोष्ट आधी पक्की डोक्यात ठेवा. चार्जर तुम्ही जे सांगाल तेच खरं मानतो. समोरची बॅटरी लिपो आहे की निकेलची, तिला किती करंट झेपेल, हे त्याला आपोआप कळत नाही. खालच्या बऱ्याचशा चुका इथूनच निघतात.

अँपिअर बघून चार्जर घेणं

खोक्यावर मोठ्या अक्षरात ५ किंवा ६ अँपिअर दिसलं की माणूस खूश होतो, पण बघायचे असतात वॅट. हिशोब सोपा आहे, बॅटरी फुल झाल्यावरचे व्होल्ट गुणिले करंट. लिपोचा एक सेल ४.२ व्होल्टला फुल होतो, म्हणजे ३एस, एकापुढे एक तीन सेल जोडलेला, पॅक १२.६ व्होल्टला. २२०० एमएएचचा ३एस पॅक १सी ने, म्हणजे क्षमतेइतक्याच करंटने, २.२ अँपिअरने लावला तर साधारण २८ वॅट लागतात, तिथे ५० वॅटचा जुना बी६ (हॉबीवाल्यांकडे सर्रास दिसणारा चार्जर) छान पुरतो. पण तुम्ही उद्या ४एस ५००० घेतला तर ८४ वॅट लागतात, आणि ६एस ५००० असेल तर १२६. तोच बी६ मग ६एसला जेमतेम २ अँपिअर देतो आणि तुम्ही अडीच-तीन तास बसून राहता, आणि लोक म्हणतात चार्जर खराब निघाला. खराब नाहीये, त्याची ताकदच तेवढी आहे. म्हणून आज ३एस असला तरी पुढे कुठे जायचंय त्याचा विचार करून घ्या.

दुसरं म्हणजे चार्जरला करंट देणारा अडॉप्टर. बरेच हॉबी चार्जर फक्त डीसीवर चालतात, भिंतीत थेट लागत नाहीत, हे खोकं उघडल्यावर कळतं. मग जुन्या लॅपटॉपचा नाहीतर राउटरचा अडॉप्टर लावला जातो. राउटरवाला १ किंवा २ अँपिअरचा असतो, तो काय पुरणार, चार्जिंग सुरू झालं की व्होल्टेज बसतं आणि चार्जर बंद-चालू बंद-चालू करत राहतो नाहीतर इनपुट व्होल्टेजचा एरर देतो. ८० वॅटच्या चार्जरला १२ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय घ्या, थोडी जागा राहते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत एलईडी पट्टीसाठी जाळीच्या पत्र्याचे एसएमपीएस (पॉवर सप्लाय) मिळतात ते चालतात, फक्त त्यांचे २३० व्होल्टचे स्क्रू बऱ्याचदा उघडे असतात, त्यावर झाकण लावल्याशिवाय आणि अर्थिंगची वायर जोडल्याशिवाय वापरू नका, घरात लहान मूल असेल तर अजिबात नको. आणि २०० किंवा ३०० वॅट लिहिलेले नवीन छोटे चार्जर असतात ना, त्यातल्या अनेकांना पूर्ण ताकदीसाठी २४ व्होल्टच्या आसपास इनपुट लागतं, १२ वर ते निम्म्यावर येतात. घ्यायच्या आधी हे वाचा.

बी३ चा हिरवा दिवा

रेडीमेड सेटबरोबर जो छोटा बी३ चार्जर येतो, दोन-तीन एलईडीवाला, तो वाईट नाहीये. २एस-३एसच्या लहान बॅटरीला बॅलन्स वायरमधूनच (प्रत्येक सेलला वेगळी जोडलेली बारीक वायर, टोकाला पांढरा प्लग) सावकाश चार्ज करतो. पण बॅटरी लावलेली नसतानाही त्याचा दिवा हिरवाच असतो आणि फुल झाल्यावरही हिरवाच. म्हणजे पांढरा प्लग नीट बसला नसेल तर दिवा हिरवा, तुम्ही समजता फुल झाली, मैदानावर जाता आणि टेकऑफ घेतल्या घेतल्या मोटर कट होते. लावल्यावर बॅटरीत जितके सेल तितके दिवे लाल झाले का ते बघा, आणि काढल्यावर शंभर-दोनशे रुपयांच्या व्होल्टेज चेकरने प्रत्येक सेल मोजा. हा चेकर खिशातच पाहिजे, चार्जर कुठलाही असो.

चुकीचा मोड, सगळ्यात घातक चूक

निकेलची बॅटरी फुल झाली की तिचं व्होल्टेज किंचित खाली येतं, आणि चार्जर निकेल मोडमध्ये त्या खाली येण्याची वाट बघत असतो, तोच त्याचा थांबायचा इशारा. लिपोचं व्होल्टेज असं खाली येतच नाही. म्हणजे लिपो चुकून निकेल मोडवर लावली तर चार्जर वाट बघत राहतो आणि करंट ढकलत राहतो, ४.२ ओलांडून पुढे, आधी बॅटरी फुगते आणि मग काय होतं ते सांगायला नको. तसंच ४.३५ व्होल्टची हाय व्होल्टेज लिपो वेगळी, ३.६ ला फुल होणारी लाइफ (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी वेगळी. साधी लिपो हाय व्होल्टेज मोडवर टाकणं म्हणजे प्रत्येक सेलमध्ये जबरदस्ती जास्त भरणं. आधीचा माणूस कुठल्या मोडवर ठेवून गेलाय हे क्लबच्या चार्जरवर तर दर वेळी बघा.

बी६ टाइपच्या चार्जरवर स्टार्ट बटण दाबून धरलं की एक स्क्रीन येते, आर समोर एक आकडा आणि एस समोर एक आकडा. आर म्हणजे चार्जरला सापडलेले सेल, एस म्हणजे तुम्ही सेट केलेले. दोन्ही जुळले तरच पुढे जा. लोक काय करतात, न बघता दोनदा एंटर. बॅटरी ३एस आणि आर मध्ये २ आलं तर बहुतेक एखादा सेल मेलेला असतो किंवा व्होल्टेज खूप पडलेलं असतं, तिथेच थांबा.

मोड निवडताना साधा चार्ज नको, बॅलन्स चार्जच घ्या, तो प्रत्येक सेल वेगळा बघून सगळे सारखे करतो. साध्या मोडमध्ये चार्जर एकूण १२.६ बघून समाधानी होतो, आत एक सेल ४.३ आणि एक ४.१ असला तरी. शेवटच्या टप्प्यात बॅलन्सिंगला वेळ लागतो, करंट अगदी कमी होतो, म्हणून कंटाळून काढू नका. पण दर वेळी तोच एक सेल मागे राहत असेल तर तो पॅक म्हातारा झालाय असं समजा.

जोडायचा क्रम

चार्जिंग लीडच्या एका टोकाला दोन उघडे बनाना प्लग असतात, लाल आणि काळा, दुसऱ्या टोकाला बॅटरीत बसणारा एक्सटी६० नाहीतर टी प्लग. बॅटरी आधी जोडली आणि ते दोन बनाना प्लग टेबलावर एकमेकांना टेकले की बॅटरी सरळ शॉर्ट, ठिणगी उडते, पिना वितळतात. म्हणून आधी बनाना प्लग चार्जरला, मग बॅटरी. काढताना उलट, आधी बॅटरी.

पॅरलल बोर्डवर (अनेक पॅक एकाच चार्जरला जोडायची पट्टी) एकदम चार-पाच पॅक लावायची घाई नवीन लोकांनी करू नये असं मला मनापासून वाटतं. सेलची संख्या सारखी पाहिजे आणि एका पॅकच्या आणि दुसऱ्या पॅकच्या सेलमध्ये ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. एक फुल ३एस आणि एक संपलेला ३एस बोर्डवर एकत्र आले तर चार्जर बंद असला तरी एकातून दुसऱ्यात वीस-तीस अँपिअर धावू शकतात, आणि त्यात बॅलन्सची बारीक वायर आधी जोडलेली असेल तर ती जळते. मेन वायर आधी जोडा, थोडं थांबा, मग बॅलन्स.

फुल भरून ठेवून देणं

आपल्याकडे जून ते सप्टेंबर फ्लाइंग जवळपास बंद असतं, कोकणात आणि घाटमाथ्यावर तर मैदानच चिखल. शेवटच्या रविवारी पाऊस आला, बॅटऱ्या फुल भरलेल्या तशाच कपाटात गेल्या, आणि दसऱ्याला काढल्या तर सगळ्या फुगलेल्या. फुल अवस्थेत लिपो आतून झिजत राहते. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर स्टोरेज मोड लावून प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर आणा. फक्त जुन्या बी६ ची डिस्चार्जची ताकद ५ वॅट आहे, त्यामुळे फुल ३एस २२०० खाली आणायला तीन तासांच्या आसपास लागतात, बरेच पॅक असतील तर आधी उडवून उतरवणं सोपं. चार्जर बंद करून बॅटरी त्याला जोडून ठेवू नका, बॅलन्स पोर्टमधून ती हळूहळू उतरू शकते. लाइट गेली की हेच होतं, लोक परत येईल म्हणून विसरून जातात.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी अजून एक बघायचं. लिपो ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि मे महिन्यात बंद गाडीत आतलं तापमान याच्या कितीतरी वर जातं. आत्ताच उतरलेली गरम बॅटरी हाताला साधी लागेपर्यंत सावलीत ठेवा, मगच लावा.

मेलेली बॅटरी जिवंत करायचा प्रयत्न

सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की चार्जर लो व्होल्टेज म्हणून नकार देतो, आणि मग कोणीतरी सल्ला देतं की निकेल मोडवर पाच मिनिटं लाव, व्होल्टेज वर आलं की लिपोवर घे. चार्जर नकार देतोय त्यामागे कारण आहे, अशा सेलमध्ये आत बिघाड झालेला असू शकतो आणि तो पुढच्या चार्जला शॉर्ट होऊ शकतो. पंधराशे रुपयांच्या पॅकसाठी हे करू नका. उडवताना सेल ३.५ व्होल्टला आला की ओरडणारा लिपो अलार्म लावला तर ही वेळच येत नाही.

कनेक्शन ब्रेक असा एरर आला तर आधी प्लग बघा, एक्सटी६० च्या पिना काळ्या पडल्यात का, बॅलन्स प्लगमधली एखादी वायर मागे सरकलीय का. ओव्हर टाइम आला तर बहुतेक वेळा सेफ्टी टायमर कमी सेट असतो आणि बॅटरी मोठी, सेटिंग वाढवा, टायमर बंद मात्र करू नका. स्वस्तातला बी६ घेतला असेल, ज्याच्या नकला बाजारात खूप आहेत, तर पहिल्या चार्जनंतर मल्टीमीटरने सेल मोजा. स्क्रीनवर ४.२० आणि मीटरवर ४.२५ येत असेल तर तो बदलून घ्या.

जागा म्हणाल तर फरशीवर, पडद्यापासून लांब, लिपो बॅगेत किंवा मातीच्या कुंडीत, शेजारी कोरड्या वाळूची बादली. गादीवर, सोफ्यावर, लाकडी टेबलावर नको आणि रात्री लावून झोपायचं नाही. फुगलेला पॅक टाचणीने टोचू नका आणि कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. बाहेर मोकळ्यावर गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब ३एसला जोडा, तो पूर्ण विझून शून्यावर येईपर्यंत लक्ष ठेवा, वायरच्या टोकांना टेप लावा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.